उन्हाळ्याच्या सुट्टीतली कादंबरी

यंदाच्या मे महिन्यात माझ्या लेकीची लेक पुण्याहून सुट्टीला माढ्याला आली. वय वर्षं पंधरा. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हा मंडळींना ठाऊकच आहे. सकाळी दहानंतर अंगणात अनवाणी पाय ठेववत नाही, आणि दुपारी वीज गेली की माठातलं पाणी आणि लिंबाची सावली एवढाच काय तो आधार. पोरगी कंटाळेल, दोन दिवसांत परत जाते म्हणेल असं वाटलं होतं. पण बाईसाहेब लिंबाखालच्या बाजेवर एक इंग्रजी कादंबरी घेऊन आडव्या झाल्या, त्या थेट चहालाच उठल्या.

'द समर आय टर्न्ड प्रिटी' असं त्या पुस्तकाचं नाव. लेखिका जेनी हान, पुस्तक २००९ सालचं. पुढे त्याचे आणखी दोन भाग आले आणि २०२२ पासून त्यावर मालिकाही निघाली. गोष्ट साधीच. बेली नावाची मुलगी दर उन्हाळ्यात आईबरोबर समुद्रकाठच्या एका घरी सुट्टीला जाते. तिथे आईच्या मैत्रिणीची दोन मुलं, कॉनरॅड आणि जेरेमाया. ती सोळा वर्षांची होते त्या उन्हाळ्यात सगळं बदलतं. एक भाऊ हिला आवडतो, दुसऱ्याला ही आवडते. झालं! जगभरच्या वाचणाऱ्या मुलींत दोन तट पडलेत म्हणे. आमची नात आणि तिची मैत्रीण यांचं त्यावरून फोनवर कडाक्याचं भांडण चाललं होतं.

"आजी, तू सांग. तू कुणाच्या बाजूची?"

मी म्हटलं, "मी पोरीच्या बाजूची. आधी शाळा पुरी करू दे तिला."

ती खूप हसली. मीही हसले. पण रात्री गच्चीवर पडल्यावर डोळ्याला डोळा लागेना. कारण अशीच एक पंधरा वर्षांची मुलगी, असंच एक पुस्तक आणि असाच एक उन्हाळा माझ्या खात्यावर जमा आहे. पन्नास वर्षं होत आली. आज ते लिहून टाकावं म्हणते.

पण त्याआधी थोडा इतिहास. मास्तरकीची सवय, जात नाही. पाठ सुरू करण्याआधी प्रस्तावना केल्याशिवाय मला चैन पडत नाही.

शाळकरी वयातल्या प्रेमाची कादंबरी लिहायची तर आधी काय लागतं? तुम्ही म्हणाल लेखक लागतो. मला वाटतं त्याच्याही आधी शाळेत जाणारी, लग्न न झालेली मुलगी लागते. आपल्याकडे तीच नव्हती! हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः छापली. तिची नायिका यमू. आज ज्या वयाच्या मुली आठवी-नववीत बसतात, त्या वयात यमू सासरी नांदते आहे. पुढे विधवा होते आणि तिचं केशवपन करतात. त्याच सुमाराला, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा आला. त्याने वयाची मर्यादा दहावरून बारा केली, आणि तेवढ्यावरूनही महाराष्ट्रात रण पेटलं. जिथे बारा की दहा यावर भांडण, तिथे सोळाव्या उन्हाळ्यात कोण आवडलं ही गोष्ट लिहिणार कोण आणि वाचणार कोण?

१९२९ मध्ये सारडा कायदा झाला. मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा. कायदा कागदावर राहिला तो राहिलाच, पण शहरातल्या पांढरपेशा घरांतून मुली हायस्कुलात आणि कॉलेजात दिसू लागल्या होत्या. आणि नेमक्या त्याच काळात ना. सी. फडके बहरात आले. त्यांची 'दौलत' १९२९ सालची. देखणा नायक, शिकलेली नायिका, पहिली नजरभेट, गैरसमज, मनोमीलन... वाचकांनी डोक्यावर घेतलं. आणि वडीलधाऱ्यांनी कपाळावर आठ्या घातल्या. या कादंबऱ्या तरुण पोरांना प्रेमात पडायला शिकवतात, हा आक्षेप. फडके म्हणायचे, कलेचं काम आनंद देणं. वि. स. खांडेकर म्हणायचे, कला जीवनासाठी. बी.ए.ला मी मराठी घेतलं होतं, तेव्हा हा वाद आम्हाला परीक्षेला असायचा. 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला, साधकबाधक चर्चा करा.' मी दोन्ही बाजू पाठ करून लिहिल्या, चांगले गुण मिळवले. पण त्या वादात एक साधी गोष्ट मला कुणी विचारली नाही, आणि मलाही सुचली नाही. ती म्हणजे, हे वाचणाऱ्या मुलीला स्वतःला काय वाटत होतं?

माझ्या घरातच उत्तर होतं. माझी आई मराठी सातवी शिकलेली. तिच्याकडे फडक्यांची एक कादंबरी होती, कव्हर गेलेली, सुरुवातीची काही पानंही गेलेली. ती ज्वारीच्या कणगीमागे असायची. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की आई तिथे बसून चार पानं वाचायची. मी एकदा विचारलं, "आई, तेच तेच काय वाचतेस?" तर म्हणाली, "यातली बाई बोलते गं. कुणी विचारलं की आपल्याला काय वाटतं ते सांगते." एवढीच तिची समीक्षा. कला आणि जीवनाच्या वादावर मी इतकी पुस्तकं वाचली, पण याहून नेमकं बोललेलं कुणी आठवत नाही.

१९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' आलं. शिकलेल्या, लग्नाच्या वाटेवर अडकलेल्या मुलींच्या मनातलं एका बाईनेच लिहिलेलं. त्यावर केवढा गदारोळ झाला! पुस्तकात काय म्हटलंय यापेक्षा ही विभावरी आहे तरी कोण, याचीच चौकशी जास्त. त्या होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. मुलीच्या मनातलं मुलीने सांगितलं की पहिला प्रश्न असतो, "ही कोण लागून गेली?" हे तेव्हापासूनचं.

पुढे आमचा काळ आला, आणि आमच्या काळाचे लेखक म्हणजे चंद्रकांत काकोडकर. 'दो रास्ते' हा राजेश खन्नाचा १९६९ चा सिनेमा त्यांच्याच 'नीलांबरी'वर बेतलेला, हे कितीजणांना आठवतं? मी बार्शीला कॉलेजात होते. माढ्याहून कुर्डुवाडी, तिथे गाडी बदलून बार्शी लाईटची ती छोटी रेल्वे. कुर्डुवाडी स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर काकोडकर ओळीने मांडलेले असत. मुलं विकत घेत. आम्ही मुली लांबून नावं वाचत असू. शहाण्या मुलीने त्या स्टॉलपाशी थांबायचं नाही, असा अलिखित नियम होता. मी फार शहाणी होते.

याच काकोडकरांवर खटला झाला होता. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' आली. ती अश्लील आहे, अशी फिर्याद एका वाचकानेच केली. उच्च न्यायालयाने दोषी धरलं, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. तो निकाल मी फार पुढे, निवृत्तीनंतर, एका वकील नातेवाइकाकडून समजून घेतला. त्यातलं मला कळलं ते असं. एखाद्या माणसाचं काय होईल हे पाहायचं नाही, ज्या वर्गाच्या हातात ते लिखाण जाणार त्या वर्गावर काय परिणाम होतो ते पाहायचं. आणि अशी वर्णनं वाचली म्हणून कोवळ्या वयाची मुलं बिघडतीलच, असं खात्रीने म्हणता येत नाही. म्हणजे देशातलं सर्वांत मोठं न्यायालय १९६९ मध्ये जे म्हणून मोकळं झालं होतं, ते माढ्यातल्या एका तरुण शिक्षिकेपर्यंत १९७६ मध्येही पोचलेलं नव्हतं.

तर आता मुख्य पाठ.

१९७६ चा मार्च. मी सव्वीस वर्षांची. नववीला मराठी शिकवत होते. वर्गात एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. निबंध असा लिहायची की मी तो दुसऱ्या तुकडीत वाचून दाखवायची. त्या दिवशी तास चालू असताना तिची मान खाली, आणि समोर भूगोलाचं पुस्तक. मराठीच्या तासाला भूगोल! मी जाऊन उचललं. आत खाकी कव्हर घातलेलं काकोडकरांचं एक पुस्तक. त्या पुस्तकातून एक चिठ्ठी खाली पडली. वहीच्या पानाचा चतकोर तुकडा. वर्गातल्याच एका मुलाने लिहिलं होतं की पुस्तक वाचून झालं की परत दे, आणि तुझा निबंध फार आवडला. बस, एवढंच. त्यात दुसरं काहीही नव्हतं. आज मी शपथेवर सांगेन की काही नव्हतं.

पण त्या दिवशी मला त्यात सगळं दिसलं. मी पुस्तक जप्त केलं, चिठ्ठी पर्समध्ये ठेवली, आणि संध्याकाळी तिच्या घरी गेले. कुणी सांगितलं नव्हतं. शाळेने नाही, मुख्याध्यापकांनी नाही. माझं मला वाटलं, हे आपलं कर्तव्य. तिचे वडील ओसरीवर बसले होते. मी म्हटलं, "पोरीकडे जरा लक्ष द्या." पुस्तक आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. ती आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. माझ्याकडे बघत होती. तिला मी एक शब्द विचारला नाही.

तिने वार्षिक परीक्षा दिली. मे महिन्यात तिचं लग्न झालं. तिला पंधरा पूर्ण झाली होती, आणि तेव्हाच्या कायद्याने मुलीला पंधरा पुरे होती. अठराची अट १९७८ च्या दुरुस्तीने आली. म्हणजे कुणी कायदा मोडला नाही. सगळं रीतसर झालं. मला पत्रिका होती, मी गेलेही. तिचे वडील हात जोडून म्हणाले, "बाई, तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून बरं झालं." मी जेवून आले.

जूनमध्ये शाळा भरली तेव्हा दहावीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर दोघींच्या जागी एकच मुलगी होती. तो मुलगा मात्र शेवटच्या बाकावर होता. त्याला दोन छड्या बसल्या होत्या, तेवढ्यावर भागलं.

मी स्वतःला समजावलं की दुष्काळातून वर येणारं घर आहे, त्यांनी कधीतरी केलंच असतं. कदाचित खरंही असेल. १९७२ च्या दुष्काळाने आमच्याकडची कितीतरी घरं अशी खचली होती की एक तोंड कमी झालं तरी हायसं वाटे. पण कधीतरी म्हणजे कधी? ते 'कधीतरी' एक वर्षाने आलं असतं तर ती दहावी झाली असती. तेवढ्यावर तेव्हा डी.एड.ला जाता येत होतं.

वर्षं गेली. २००४ मध्ये मौजेने मिलिंद बोकिलांची 'शाळा' काढली. आमच्या एका तरुण सरांनी ती शिक्षकांच्या खोलीत आणली आणि मग ती आठ हातांतून फिरली. तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचली असेल, निदान २०१२ च्या जानेवारीत लागलेला सुजय डहाके यांचा सिनेमा तरी पाहिला असेल. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र, आणि त्याला आवडणारी शिरोडकर. काळ आणीबाणीचा. म्हणजे तेच शैक्षणिक वर्ष, १९७५-७६, तीच नववी! मी वाचायला घेतली आणि चार पानांवर थांबले. मग पुन्हा घेतली.

मधल्या सुट्टीत चर्चा व्हायची. पुरुष शिक्षकांची प्रतिक्रिया एकच, "अगदी आमचंच लिहिलंय हो!" एरवी कपाळाला आठी असणारे आमचे गणिताचे सर त्या आठवड्यात शीळ घालत होते. प्रत्येकाला आपली शिरोडकर आठवत होती. आम्ही बायका हसत होतो, पण आमचं बोलणं वेगळं होतं. आमच्यातली एक म्हणाली, "पण त्या मुलीला काय वाटत होतं? ती आपल्याला त्याच्या डोळ्यांनीच दिसते." दुसरी म्हणाली, "शेवटी गाव सोडून गेली, पुढे तिचं काय झालं असेल?" मुलगा सांगतो ती गोष्ट असल्यामुळे हे असंच असणार, हे मला मराठी शिकवणारी म्हणून कळत होतं. लेखकाचा तो दोषही नाही, नववीतल्या मुलाला जेवढं दिसतं तेवढंच त्याने दाखवलं. पण वाचणाऱ्याचं मन जिथे अडकतं तिथे अडकतं. आमचं शिरोडकरपाशी अडकलं.

आणि माझं तर त्याहून दुसरीकडेच. त्या शाळेतल्या शिक्षकांपाशी. मांजरेकर सरांसारखे शिक्षक वाचताना मुलांना हवेहवेसे वाटतात. मी त्यांच्यात स्वतःला शोधत होते आणि सापडत होते भलतीकडेच, ज्यांच्या भीतीने मुलं गप्प होतात त्यांच्यात. एक कादंबरी तिघांनी वाचली की तीन होतात. मुलगा वाचतो तेव्हा त्याला प्रेम आठवतं, मुलगी वाचते तेव्हा तिला पुढे काय झालं ते आठवतं, आणि मास्तरीण वाचते तेव्हा तिला हातातली छडी आठवते.

त्यानंतर काही वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, नवरात्रात माढेश्वरीच्या देवळात एका बाईने मागून हाक मारली. "बाई!" मी वळले. ओळखलं नाही. तिने नाव सांगितलं. केस पांढरे, हातात परडी, बरोबर सून आणि नातू. पाया पडली. मला काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, "कशी आहेस?" म्हणाली, "बरी आहे. दोघी मुलींना शिकवलं, बाई. एक नर्स आहे, एक तलाठी."

मी म्हटलं, "माझं चुकलं गं तेव्हा." इतकी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य, आरतीच्या गोंगाटात, चपलांच्या ढिगापाशी उभं राहून म्हटलं.

ती गप्प राहिली. 'नाही बाई, तसं काही नाही' असं ती म्हणाली नाही, आणि मला ते बरं वाटलं. मग थोडं हसून म्हणाली, "बाई, ते पुस्तक माझं पुरं झालं नव्हतं. वीसेक पानं राहिली होती. शेवट काय होता हो?"

मंडळी, मला सांगता आला नाही. कारण मी ते पुस्तक वाचलंच नव्हतं. खाकी कव्हर काढून त्याचं नावसुद्धा नीट पाहिलं नव्हतं. वाचलेली होती ती फक्त चिठ्ठी, आणि तीही आपल्याला हवी तशी.

फडक्यांवर रागावलेले, विभावरीचा पत्ता शोधणारे, श्यामेवर फिर्याद करणारे, या सगळ्यांना हसायचा अधिकार मला नाही. त्या फिर्यादीने निदान गोष्ट वाचली तरी होती. आणि सव्वाशे वर्षांचा हा सगळा इतिहास पाहिला की वाटतं, प्रेमाची कादंबरी वाचून किती मुली बिघडल्या याचा हिशोब मोठ्यांनी फार मांडला, पण कादंबरी सापडली म्हणून किती मुलींची शाळा सुटली याची नोंद कुणी ठेवली नाही. पुस्तकाने तिला काही केलं नव्हतं. जे केलं ते आम्ही केलं.

माझी आई लपवून वाचत होती. माझ्या विद्यार्थिनीने लपवून वाचलं, आणि ते मी पकडलं. माझी नात भर दुपारी अंगणात, सगळ्यांसमोर, पाय हलवत वाचते, आणि कुणाची बाजू बरोबर म्हणून आजीशी भांडते. मधल्या काळात कायदे बदलले, मुलींच्या शाळा झाल्या, एसटीचे पास झाले. आपण म्हणतो पिढी बिघडली. मला तर बाजेवर पडलेली ती पोरगी बघून आपल्या घरात काहीतरी सुधारलं असं वाटतं. पण ते घराघरांत झालंय असं समजू नका. आजही आमच्या भागात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुली शाळेतून गळतात आणि अठराच्या आतच बोहल्यावर चढतात. त्यांच्या हातात तर कादंबरीही नसते, दोष द्यायला.

जायच्या आदल्या दिवशी नातीने पुस्तक संपवलं आणि बॅगेत टाकायला लागली. मी म्हटलं, "थांब. मला शेवट सांग."

"आजी, असा शेवट सांगून मजा जाते. तू वाच ना. मी ठेवून जाते."

इंग्रजी माझं बेताचंच. मराठी माध्यमातली बी.ए. मी, डिक्शनरी शेजारी घेऊन बसते. रोज दोन-तीन पानं होतात. बेली अजून समुद्रकाठच्या घरी पोचून सामानच लावते आहे. या वेगाने दिवाळी उजाडेल. पण या वेळी शेवटच्या पानापर्यंत जायचं, हे ठरवलंय.

आणि हो, कुर्डुवाडीला जुनी पुस्तकं विकणारा एक जण आहे, त्याला काकोडकरांची मिळतील तेवढी पुस्तकं काढून ठेवायला सांगितली आहेत. कुठलं होतं ते कळायचा मार्ग नाही. पण एकेक करून वाचीन म्हणते. त्यातल्या एखाद्याची शेवटची वीस पानं मला तिला सांगायची आहेत.

तुमच्यापैकी कुणाकडे काकोडकरांचं जुनं पुस्तक माळ्यावर पडलं असेल तर जरूर कळवा. कव्हर नसलं तरी चालेल. शेवट मात्र शाबूत हवा.